बांबू शूटला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आला आहे : 'बांबू शूट'ला मराठी शब्द आहे का, की 'बांबूचे अंकुर' लिहायचं?

अंकुर नको. मटकीला येतात ते मोड, बेटातल्या कंदातून जमीन फोडून वर येतो तो कोंब. 'अंकुर' कवितेत ठेवू. 'बांबूचे कोंब' म्हणजे बरोबरच. पण सुटसुटीत शब्द हवा असेल तर तोही आहे : वास्ते.

पावसाळ्यात दादरला रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडे मी 'बांबूचे कोंब' मागितले. त्यांनी तपकिरी, लवदार सालींचे शंकू पुढे सरकवले आणि म्हणाल्या, "वास्ते व्हय?" शेजारच्या हिंदीभाषक गिऱ्हाइकाने विचारलं, "किसके वास्ते?" मुंबईत हा घोटाळा व्हायचाच. 'तेरे वास्ते'मधला वास्ते अरबीतून आलेला, हा आपल्या रानातला. मला तर यात 'वंश' आणि घराचा 'वासा' यांची सावली दिसते, पण ती माझी अटकळ समजा.

संस्कृतात यालाच करीर म्हणतात. अमरकोशात 'वंशाङ्कुरे करीरः' असं आहे, आणि तिथेच करीर म्हणजे एक झाड आणि घडाही! छत्तीसगडचा 'करील' त्याच घरातला. माटुंग्यातली कोंकणी कुटुंबं 'कीर्ल' म्हणतात, तोही चुलतभाऊ वाटतो. कीर्ल मिठाच्या पाण्यात मुरवून ठेवतात आणि वर्षभर त्याचे आंबडे, पोळे (धिरडी) करतात. आंबडे म्हणजे तिखट वडे. पानात एकच वाढला तर पुरत नाही.

आता पोषणाचं. कच्च्या कोंबात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. 100 ग्रॅममध्ये जेमतेम 27 कॅलरी, अडीच ग्रॅम प्रथिनं, दोन ग्रॅम तंतू आणि 500 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम. उकळल्यावर त्यातलं बरंच पोटॅशियम पाण्याबरोबर जातं. तरी उकळायचंच, कारण कोंबात टॅक्सिफायलिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यातून सायनाइड सुटतं. पातळ काप करून भिजत घालायचे, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. कडसरपणा गेला, की भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कांदा, मिरची घालून परतायचे.

तेव्हा पाककृतीत बिनधास्त 'वास्ते' लिहा. अडेल त्याच्यासाठी पहिल्यांदा कंसात 'बांबूचे कोंब' द्या. एकवचन वास्ता. पण बाजारात एकटा वास्ता कुणी मागत नाही.