‘मोहात पडणे’ आणि ‘परीक्षेत येणे’

प्रश्न असा आहे: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत कॅथलिक मंडळी ‘आम्हाला मोहात पडू देऊ नकोस’ म्हणतात, प्रोटेस्टंट उपासनेत ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ असं ऐकू येतं. मुळाला धरून कोणतं? प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी कारणही सांगितलंय. त्यांच्या आईला रोझरी (जपमाळेवरची प्रार्थना) म्हणताना मध्येच अभद्र विचार येतात. आपण मोहात पडलो, आपली प्रार्थना देवाला चालत नाही, असं वाटून ती खचली आहे.

ही ओळ बायबलात मत्तय ६:१३ मध्ये येते; तिथला ग्रीक शब्द आहे ‘पेइरास्मोस’. कस लागणे आणि भुरळ पडणे, दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात हे दिसतं. १२व्या वचनात ‘पेइरास्मोस’ सोसून टिकणारा धन्य ठरतो. लगेच १३-१४व्या वचनांत त्याच धातूचं क्रियापद घेऊन याकोब बजावतो की देव कुणालाही मोह घालत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. मराठीत दोन्ही अर्थ पेलणारा एक शब्द नाही, म्हणून भाषांतरकाराला एक बाजू निवडावी लागते.

‘परीक्षा’ घेतली की कसाचा अर्थ राहतो. पण आपण ‘देव परीक्षा पाहतोय’ असं सहज बोलतो, त्यामुळे ‘परीक्षेत आणू नकोस’ ऐकताना संकट टळावं एवढीच विनवणी कानावर पडते. ‘मोह’ घेतला की भुरळ येते. हा शब्द संस्कृत ‘मुह्’ धातूचा, म्हणजे भान हरपणे, भांबावणे. ‘मूढ’ त्याच घरातला. षड्रिपूंतला मोह मुळात हा, बुद्धीवर झाकण पडण्याचा. ‘आणखी एक लाडू खायचा मोह आवरला नाही’ यातला मोह म्हणजे अनावर इच्छा. प्रार्थनेतला मोह या रोजच्या अर्थाने येतो, तरी जुनी भांबावलेपणाची छटा मला तिथेही शोभून दिसते.

खरी मेख मात्र नामात नाही, क्रियापदात आहे. ग्रीक क्रियापद ‘आत नेणे’ असं आहे, त्यामुळे अक्षरशः पाहिलं तर ‘आणू नकोस’ जवळचं. पण मग देवच मोहात नेतो की काय, हा जुना पेच उभा राहतो. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७च्या डिसेंबरात ही ओळ ‘आम्हाला मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाची केली. इटालियनमध्ये २०२०मध्ये ‘मोहाच्या हवाली करू नकोस’ असा बदल झाला. मराठी ‘पडू देऊ नकोस’मध्ये ती सोय आहेच, म्हणून माझा कौल तिला.

गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगतो ती मोहात ‘शिरू’ नये म्हणून. मोह दाराशी येणं वेगळं, आपण त्यात शिरणं वेगळं. संत ऑगस्टीननेही हा भेद स्पष्ट केलाय: मोह होणं एक, मोहात नेलं जाणं दुसरं. आपल्या भाषेला हा भेद शिकवावा लागत नाही. विचार मनात ‘येतो’. आपण तो मनात ‘आणतो’, ‘घोळवतो’, हे त्यापुढचं. ‘मनात आलं’ म्हणणाऱ्यावर आपण दोष ठेवत नाही. ‘मनात आणलंस तर’ म्हटलं की मात्र माणूस कर्ता होतो.

इसवी सन ३९९मध्ये इजिप्तच्या वाळवंटात वारलेला मठवासी एव्हाग्रिउस नेमकं हेच सांगतो. खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ विचारांची यादी देऊन तो म्हणतो, यांनी जिवाला त्रास द्यावा की नाही हे आपल्या हाती नाही. त्यांनी मुक्काम करावा की नाही, हे आहे. त्याच वाळवंटातल्या अब्बा (म्हणजे मठवासी गुरू) पोइमेनकडे एक बंधू असेच विचार छळतात म्हणून गेला. पोइमेनने त्याला बाहेर नेलं आणि छाती फुगवून वारा आत न घ्यायला सांगितलं. जमत नाही म्हणाला, तेव्हा उत्तर मिळालं: मग विचार येणंही तुला थांबवता येणार नाही, त्यांना विरोध करणं तेवढं तुझं काम.

आणि येणं हेच पाप असतं, तर रानात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूला मोह झाला त्याचं काय म्हणाल? इब्री लोकांस पत्र (४:१५) सांगतं की तो सर्व बाबतीत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. सैतानाने तीनदा मोह घातला, तिन्ही वेळा त्याने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं एकेक वचन उत्तरादाखल दिलं. उत्तरं आखूड आहेत. सैतानाशी वाद घालत तो बसला नाही.

हे आईसाठी मोलाचं. प्रत्येक विचार तपासत, क्षमा मागत बसलं की तो आणखी चिकटतो. येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नाशिअस १५२२च्या सुमारास स्पेनमधल्या मान्रेसात याच फेऱ्यात अडकला होता. कबूल केलेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करी, स्वतःला संपवण्याचे विचारही येत. जुनी पापं पुन्हा उकरायची नाहीत असा निश्चय केल्यावर तो सुटला. आईंना म्हणावं, तुम्ही तो विचार आणलेला नाही. ‘येशू, दया कर’ एवढं म्हणून पुढचा मणी घ्या. झोप-जेवण उडालं असेल किंवा जीव नकोसा झाल्याचं त्या बोलत असतील, तर धर्मगुरूंबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही याच आठवड्यात भेटा. असे नकोसे विचार हा पुष्कळदा उपचाराने बरा होणारा आजार असतो, आणि औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही.