सगळाच गॅस नसतो

रामबाग, इंदूर

बेटा, अनेक आशीर्वाद.

परवा दोन घास खाऊन तू ताट सारलंस आणि म्हणालीस, "काही नाही काकू, गॅस आहे." दोन महिन्यांत हे चौथ्यांदा. तीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे काढली. या गावात 'गॅस' या एका शब्दात लोक काय काय कोंबतात, ते मला पाठ आहे. छातीत जळजळलं गॅस, पोटात कळ आली गॅस, ढेकर आले गॅस. एकदा एक गृहस्थ दुकानाच्या पायरीवर बसून गॅसची गोळी मागत होते. शर्ट घामानं चिंब, डावा हात सारखा चोळत होते. ह्यांनी गोळी न देता त्यांना सरळ रिक्षात घातलं. हार्ट अटॅक होता. तुझ्या वयाला ती भीती कमी, पण बुऱ्हाणपूरला बाबांना सांगून ठेव: घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यातलं काही असेल तर आधी ई.सी.जी., गोळी नंतर.

आता तुझं. मी खोदून विचारलं तेव्हा तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून आल्यावर घशाशी आंबट पाणी येतं, आणि एरवी पहाटे तीनला बेंबीच्या वर कळ येऊन जाग येते, दोन बिस्किटं खाल्ली की थांबते. या दोन्हींना तू एकच नाव दिलंस, एकच गोळी दिलीस. माझं भांडण तिथे आहे.

पहिली गोष्ट सोपी. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं, घास खाली गेला की आवळतं. पोट तुडुंब भरलं, त्यातही तळलेलं असलं, की ते ढिलं पडतं, आणि आपण आडवे झालो की आम्ल वर चढतं. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तुमची मैफल सुरू होते. साडेअकराला तळलेले गराडू, त्यावर रबडी, साडेबाराला तू गादीवर! सराफा सोड असं मी म्हणणार नाही, मला इंदुरातच राहायचंय. पण आठवड्यातून एकदा जा, एकच काहीतरी खा आणि आल्यावर तीन तास आडवी होऊ नकोस. नाहीतरी परीक्षेचा अभ्यास करायचाच असतो ना.

आणि उशा रचून झोपतेस ते बंद कर. उशांनी मान वर होते, पोट दुमडतं, आम्लाला उलट जोर मिळतो. घरमालकांना विचारून पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा लाव. सहा इंच पुरे. डाव्या कुशीवर झोप. पहिल्या रात्री घसरतोय असं वाटेल, चौथ्या रात्री लक्षातही राहणार नाही.

गोळीचं सांगते, कारण नव्वद टक्के गिऱ्हाइकं ती चुकीची घ्यायची (हा माझा अंदाज हं, मोजलं नव्हतं). पॅन्टोप्राझोल, म्हणजे तुझी ती गॅसची गोळी, तू पोहे-जिलेबी आणि चहा झाल्यावर घेतेस. जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात, जेवण आलं की ते जागे होतात. गोळी चालू पंपांनाच बंद करते, म्हणून ती रक्तात आधी पोचलेली हवी. उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे सराफ्याच्या रात्री एक टाकली असं करून उपयोग नाही. आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानं घेत राहायचीही नाही. एकदम थांबवली तर काही दिवस आम्ल जास्तच उसळतं, मग लोकांना वाटतं गोळीशिवाय आपलं चालतच नाही. गार दुधाचंही तेच: प्यायल्यावर बरं वाटतं, पण थोड्या वेळानं आम्ल आणखी सुटतं. आजीला सांगू नकोस.

पहाटेच्या कळेनं मात्र मला झोप लागली नाही. उपाशीपोटी दुखणं आणि खाल्ल्यावर थांबणं ही अल्सरची, म्हणजे आतल्या अस्तराला पडलेल्या जखमेची, जुनी खूण आहे. अल्सरची दोन मोठी कारणं: एक जंतू, दुसरं वेदनाशामक गोळ्या. पूर्वी सगळं तिखटावर आणि काळजीवर ढकलायचे. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरनं 1984 साली हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि जठराला सूज आणून दाखवली. 2005 साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. हा जंतू आपल्याकडे सर्रास आढळतो, सगळ्यांना त्रास देत नाही. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो, पण त्याआधी दोन आठवडे गॅसची गोळी बंद हवी, नाहीतर असून नाही असं दिसतं. हे न विचारताच लोक तपासणीला जातात. बंद करायची तीही डॉक्टरांना विचारून. निघालाच तर साधारण चौदा दिवसांचा कोर्स असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, तरी मधे सोडायचा नाही.

दुसरं कारण तुझ्या पर्समध्ये आहे. पाळीत तू मेफेनॅमिक ॲसिड घेतेस, तेही कोचिंगला जाताना, डबा न खाता. या जातीच्या गोळ्या जठराचं अस्तर पातळ करतात. मी कोणत्या तोंडानं सांगतेय ते ऐक. 2009 साली गुडघ्यासाठी मी स्वतःच्याच दुकानातली डायक्लोफेनॅक, तीही त्याच जातीची, पाच आठवडे खाल्ली. पोट एकदाही दुखलं नाही. दुखणार कसं, गोळीच दुखणं दाबणारी! शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं, तर म्हटलं पालक जास्त झाला. तिसऱ्या दिवशी काउंटरवर सुट्टे पैसे मोजताना नाणी दोन-दोन दिसायला लागली. दोन बाटल्या रक्त चढलं. लोकांना रोज सावध करणारी बाई मी.

म्हणून तशी काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर परीक्षा असो की काही, त्याच दिवशी एम.वाय. हॉस्पिटलला जा. तसं नसलं तरी या आठवड्यात ओपीडीत दाखव. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून खूश होऊ नकोस. ती पित्ताशयातले खडे दाखवते. अल्सर दिसायला दुर्बीण घालावी लागते. पाळीत तोवर गरम पाण्याची पिशवी आणि पॅरासिटामॉल.

एक वही कर. काय खाल्लं, किती वाजता, कुठे दुखलं, कशानं थांबलं. ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो, तू आठवत बसशील आणि शेवटी म्हणशील, "गॅस होतो." वही पुढे कर.

रविवारी ये. मऊ भात आणि साधं वरण करते, वर भुरभुरायला जिरावन मसाला मागायचा नाही. येताना पर्समधली ती स्ट्रिप घेऊन ये, माझ्याकडेच राहू दे.

तुझी
दुकानवाली काकू