पाईप किती खोल गाडू?

प्रश्न : सर, आमच्या अकोल्याला मे महिन्यात जीव नकोसा होतो. घरामागे पाईप गाडून त्यातून खोलीत गार हवा घ्यायचा विचार आहे. किती खोल खणायचं ते बघायला एक्सेलमध्ये जमिनीचे ५-५ सेंमीचे थर पाडले, एकेक तासाने हिशोब पुढे नेला, तर एका थरात हजार डिग्री अन् शेजारच्यात उणे हजार! फॉर्म्युले बरोबर आहेत, मग चुकतंय कुठं?

उत्तर : घोळ त्या एका तासात आहे. मातीची उष्णता-विसरणता (म्हणजे तिच्यातून उष्णता किती झटपट पसरते तो आकडा) गुणिले वेळ, भागिले थराच्या जाडीचा वर्ग, हे उत्तर अर्ध्याच्या वर गेलं की या पद्धतीत आकडे उधळणारच. ओलसर मातीला सेकंदाला ०.५ चौरस मिमी धरलं तर तुमचं येतं ०.७२.

वेळ अर्धा तास केली की शीट शांत होईल, पण मुळात एवढ्या बारकाईत शिरायचं कशाला? दिवसरात्रीचा तापमानाचा चढउतार साधारण १२ सेंमीवर वरच्याच्या ३७ टक्के उरतो आणि अर्ध्या मीटरवर दीड टक्कासुद्धा नाही, तिथं दुपार आहे की मध्यरात्र काही कळत नाही. तुम्हाला छळणार आहे ती वर्षाची लाट, म्हणजे उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार, ती ३६५च्या वर्गमुळाइतकी म्हणजे १९ पट खोल जाते, सव्वादोन मीटरवर जाऊन कुठं ३७ टक्क्यांवर येते, आणि खाली पोचायला उशीरही लावते. ३ मीटरवर चढउतार पाव उरतो आणि अडीच महिने मागे, म्हणजे मेचा उन्हाळा तिथं ऑगस्टमध्ये पोचतो, वर पाऊस पडत असताना. ऐन मेमध्ये तिथं वर्षाच्या सरासरीच्या आसपास, २७-२८ डिग्री मिळतील, जमीन उघडी असेल तर दोनेक डिग्री जास्त धरा.

म्हणून थर २५ सेंमीचे करा, टप्पा १२ तासांचा, सगळ्यात वर दिवसाचं सरासरी तापमान टाका. शीट ३ मीटरवर संपवू नका, १० मीटरपर्यंत न्या, सगळे थर वार्षिक सरासरीवर सुरू करा आणि तीनचार वर्षं पळवल्याशिवाय आकडा वाचू नका.

एक मात्र आहे, तुमच्या शीटला पाईप दिसतच नाही. दिवसभर गरम हवा ओढली की भोवतालची माती तापत जाते, त्यात उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळलेली, तिच्यातून उष्णता नीट पुढे सरकतच नाही. त्यामुळे पाईपभोवती माती घट्ट दाबून बसवा, जमलं तर ओल राखा, आणि पंखा चोवीस तास चालू ठेवू नका.