दोन बोअरवरून कोळशाच्या प्रकल्पात पैसे घालावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: सांगलीतले एक ओळखीचे गृहस्थ यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळशाच्या शोधप्रकल्पात भागीदारी देतात, दोन बोअर झालेत, दोन्हींत 5 मीटरचा थर लागलाय, "75 लाख टन माल आहे" असं म्हणतात. पैसे घालावेत का?

मी कराडचा. नोकरीची बरीच वर्षं वणीकडे ड्रिलिंग कॅम्पवर गेली. दोन बोअरच्या भरवशावर घालू नका.

तो पट्टा खराच कोळशाचा आहे, वर्धा खोऱ्यातला गोंडवन खडक, म्हणजे ज्यात कोळसा सापडतो तो जुना गाळाचा खडक. (आपल्याकडे मात्र कुणी कोळसा दाखवला तर ऐकूही नका. कोयनेजवळच्या 3 किलोमीटर खोल बोअरमध्ये काळा पाषाण संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला, मधे गाळाचा खडकच नाही.)

75 लाख टन कसे आले बघा. 1 चौरस किलोमीटर, 5 मीटर जाडी, घनता 1.5, म्हणजे घनमीटरला दीड टन. गुणाकार बरोबर आहे, पण दोन बोअरच्या मधे काय आहे ते कुणी पाहिलेलंच नाही. वर्धा खोऱ्यात भ्रंश, म्हणजे थर तुटून वरखाली सरकलेल्या जागा, पुष्कळ. एका बोअरला भरघोस थर आणि पाऊण किलोमीटरवर नुसता वाळूचा दगड, हे मी स्वतः कोअर (बोअरमधून निघालेला दगडाचा दांडा) हातात घेऊन पाहिलंय.

आता खर्चाकडे या. थरावर 60 मीटर माती-दगड असेल, तर 5 मीटर थरातल्या दर टनामागे 8 घनमीटर ओव्हरबर्डन काढावं लागतं. थर 3 मीटरच निघाला तर तेच 13 च्या वर जातं. घनमीटरला 100 रुपये खर्च धरा, म्हणजे टनामागे 800 चे 1300 झाले. जाडीतला एवढासा फरक सगळा नफा खाऊन टाकतो. म्हणून मी टनांच्या आधी जाडी आणि खोली विचारतो, मग राख नि उष्मांक. भाव ग्रेडवर ठरतो. जी-9 समजून हिशेब मांडला आणि त्याहून हलका जी-12 निघाला, तर सगळी वही पुन्हा लिहावी लागते.

शिवाय 14 टक्के रॉयल्टी, आणि लिलावात कबूल केलेला महसुली वाटा, जो किमान 4 टक्के असतो आणि चढाओढीत वाढतो. हे दोन्ही विक्रीतून जातात, नफ्यातून नाही. खाण तोट्यात असली तरी द्यावेच लागतात.

आणि वेळ! शोध, खाण आराखडा, पर्यावरण आणि वन परवानगी, भूसंपादन. 8 वर्षांनी येणारे 100 रुपये, दरसाल 15 टक्के परतावा धरला तर, आजच्या हिशेबाने 33 च.

तरीही मन ओढत असेल तर पैसे एकरकमी देऊ नका. पुढचे चार बोअर कुठे घेणार, किती खर्चाने, आणि थर किती मीटरपेक्षा पातळ निघाला तर थांबणार, हे आधी लेखी घ्या. थांबण्याचा आकडा ज्याच्याकडे नाही त्याने हिशेब केलेलाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

मात्र सगळ्यात आधी ब्लॉक, म्हणजे खाणीसाठी आखून दिलेला तुकडा, कुणाच्या नावावर आहे ते बघा. कोळशाचा ब्लॉक केंद्राच्या लिलावातून मिळतो, नुसत्या सातबाऱ्यावर कोळसा काढता येत नाही. तो कागद असेल तर कोअरचे फोटो आणि प्रयोगशाळेचे अहवाल घेऊन कराडला या, बसून एकेक मीटर वाचू.