थंड समुद्रातील गोगलगाई दूरच्या बेटांवर कशा पोहोचल्या?

प्रश्न : माझा मुलगा नॉर्वेत नोकरीला आहे. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात किनाऱ्यावरच्या खडकाच्या फटींत बारीक शंखांची दाटी दिसते, तर खाली पाण्यालगत तसेच, पण मोठे शंख आहेत. दिवसभरात जेमतेम काही हात सरकणारा हा प्राणी त्या थंड समुद्रातील बेटाबेटांवर पोहोचला तरी कसा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर गोगलगाय किती चालते यात नसून ती जन्माला कशी येते यात आहे.

उत्तर अटलांटिकमधील अनेक गोगलगाईंचे पूर्वज मुळात पॅसिफिकचे. आशिया आणि अमेरिका यांच्यामधली बेरिंगची सामुद्रधुनी खुली झाल्यानंतर, मुख्यतः सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी, ते आर्क्टिकमार्गे अटलांटिकमध्ये आले. गिरात व्हर्मेय या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या स्थलांतराशी संबंधित मृदुकाय (शंख-शिंपल्यांच्या गटातील) प्राण्यांच्या २९५ जाती मोजल्या. त्यांपैकी २६१ पॅसिफिककडून आलेल्या होत्या आणि उलट दिशेने गेलेल्या फक्त ३४. व्हर्मेय लहानपणापासून दृष्टिहीन आहेत आणि शंखांचा अभ्यास बोटांच्या स्पर्शाने करतात, हे येथे आदराने नोंदवावेसे वाटते.

उष्ण समुद्रातील बहुतेक गोगलगाईंची पिले आधी डिंभरूपात, म्हणजे सूक्ष्म बाल्यावस्थेत, पाण्यात तरंगतात, प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) वाढतात आणि मग तळाशी बसतात. थंड समुद्रात मात्र अन्नाचा हंगाम अल्प आणि वाढ संथ असते; म्हणून तेथील पुष्कळ जातींनी हा तरंगता टप्पाच वगळला आहे. पूर्व ग्रीनलंडमध्ये काम केलेल्या गुन्नार थोरसन या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये हा कल मांडला. पुढे त्याला अपवादही सापडले. बुसिनम ही मोठी गोगलगाय पाहा. तिच्या अंड्यांचा पुंजका मुठीएवढा असून तो वाटाण्याएवढ्या कुप्यांचा बनलेला असतो. एकेका कुपीत शेकडो अंडी असली तरी बाहेर पडतात ती साधारण दहाच पिले, कारण उरलेली अंडी हे त्यांचे अन्न असते. ही पिले अंगावर शंख घेऊनच सरपटत बाहेर येतात. रिकामे पुंजके किनाऱ्याला लागतात आणि पूर्वी खलाशी ते अंग धुण्यासाठी वापरत.

आता आपल्या छायाचित्राकडे वळू. वर्णनावरून फटींतील बारीक शंख लिटोरिना सॅक्सॅटिलिस या जातीचे आणि खालचे मोठे शंख लिटोरिना लिटोरिया या जातीचे असावेत. दुसरीची अंडी पाण्यात सोडली जातात आणि डिंभ कित्येक आठवडे प्रवाहासोबत वाहत राहतात. पहिलीची मादी मात्र पिलांना शंख येईपर्यंत पोटातच बाळगते. दूरच्या बेटावर वाहत जाणारीच आधी पोहोचेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांच्या पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरवर, भर समुद्रात उभ्या असलेल्या रॉकऑल या एकाकी खडकावर सॅक्सॅटिलिस आढळते. लिटोरिया तेथे नाही.

स्वीडनच्या शेर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ मध्ये या कोड्याची जी उकल मांडली, ती मला फार पटते. वाहत्या शेवाळावरून किंवा अन्य एखाद्या योगायोगाने एक गाभण मादी जरी त्या खडकावर पोहोचली, तरी तिची पिले तिच्याच आजूबाजूला वाढतात, एकमेकांना भेटतात आणि वस्ती उभी राहते. लिटोरियाच्या एखाददुसऱ्या मादीने तेथे अंडी घातली, तर तिचे डिंभ समुद्रभर विखुरतात आणि त्या इवल्याशा खडकावर परत येण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

सलग किनाऱ्यावर हेच गणित उलटते. उत्तर अमेरिकेत लिटोरियाची नोंद १८४० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे झाली आणि त्याच शतकाच्या अखेरीपर्यंत ती किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेकडे अमेरिकेच्या न्यू जर्सीपर्यंत उतरली. तिचे डिंभ कोठेही वाहत गेले तरी पुढे खडक होताच.

आपल्या मुलाला ओहोटीच्या वेळी वरच्या फटींतील एखादी पूर्ण वाढलेली बारीक गोगलगाय भिंगाखाली पाहायला सांगा. सॅक्सॅटिलिसचा शंख बहुधा खरबरीत असतो; त्यावर उभे कंगोरे नसून वेटोळ्यांच्या दिशेने जाणाऱ्या रेघा असतात, आणि वेटोळ्यांमधील खाच खोल असते. लिटोरियाच्या वाढलेल्या शंखावर ही खाच उथळ दिसते.