पोटातला पॉलिप: नुसतं बघून काय कळतं?

देवगडहून: वय ५२, अ‍ॅसिडिटीची गोळी कित्येक वर्षं रोज चालू आहे. गणपतीनंतर दुर्बीण केली तर रिपोर्टात जठरात भरपूर छोटे पॉलिप (आतल्या अस्तरावर उगवलेले कोंब) आलेत. कॅन्सर असेल का?

आधी नीट जेवायला लागा. जठराच्या वरच्या-मधल्या भागात, अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेरचे, गुळगुळीत, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे नाहीतर जरा फिकट असे पुंजक्याने दिसले तर ते बहुतेक फंडिक ग्लँड पॉलिप असतात, आणि पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते होतात. त्यांचा कॅन्सर होणं फारच विरळा. तरी एखाददुसऱ्याची बायोप्सी (तुकडा घेऊन तपासणी) करून खात्री करतात, आणि एक सेंटिमीटरच्या वरचा असला तर काढतात. गोळीची अजून गरज आहे का ते डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने बंद नको. फक्त वय कमी, पॉलिप ढीगभर आणि घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, असं असेल तर कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीचं, बोलून घ्या.

गुहागरहून: आईच्या जठराच्या खालच्या भागात एकच लाल पॉलिप आहे, दीड सेंटिमीटर. हिमोग्लोबिन ८ वर आलंय.

लाल, वरून खरवडल्यासारखा, म्हणजे हायपरप्लास्टिक (अस्तर जास्त वाढून झालेला) वाटतो, त्यातून रक्त थोडं थोडं झिरपत राहतं. पण अडेनोमा नावाचा पॉलिपही एकटा आणि खालच्याच भागात सापडतो, आणि तो कॅन्सरकडे जाऊ शकतो. त्यामुळे एवढा मोठा असेल तर नुसता तुकडा न घेता पूर्ण काढून तपासतात. हेलिकोबॅक्टर पायलोरीची टेस्टही करा, हा जंतू मारल्यावर काही हायपरप्लास्टिक पॉलिप आपोआप आटतात.

मालवणहून: ताईच्या स्कोपीचा (दुर्बिणीचा) फोटो पाठवलाय, गोल फुगवटा आहे, बायोप्सी नॉर्मल. मग सुटलो ना?

नाही हो, एवढ्यात नाही! फोटोवरून मी निदान करणार नाही, पण वरचं अस्तर धड आणि खालून फुगवटा असेल तर गाठ अस्तराच्या खाली असू शकते, आणि चिमट्याने घेतलेला वरवरचा तुकडा तिथे पोचतच नाही. पिवळसर आणि दाबल्यावर उशीसारखी खोल जाणारी बहुतेक चरबीची. घट्ट असेल, त्यात वर मध्येच व्रण असेल तर जिस्ट नावाच्या, जठराच्या भिंतीतल्या गाठीचा विचार करावा लागतो. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडचं (दुर्बिणीतून आतून केलेल्या सोनोग्राफीचं) विचारा, त्यासाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागली तरी.

चिपळूणहून: अल्सरच आहे म्हणाले, तरी सहा-सात तुकडे घेतले आणि दोन महिन्यांनी परत बोलावलंय. पैसे काढायचे धंदे का?

उलट डॉक्टर चांगले आहेत तुमचे. साध्या अल्सरची कड गुळगुळीत असते, अस्तराच्या वळ्या कडेपर्यंत येतात. कॅन्सरची कड उंचसखल, वळ्या मध्येच तुटलेल्या किंवा जाड होऊन एकमेकींत मिसळलेल्या. पण दिसायला साधा अल्सरही कधीकधी कॅन्सर निघतो, आणि गोळ्यांनी तोही वरवर भरून येतो, म्हणून दुसरी स्कोपी. लोक गाठीला घाबरतात पण सुरुवातीचा कॅन्सर बऱ्याचदा गाठ नसतोच, जपानी डॉक्टरांनी १९६२ मध्येच दिसण्यावरून त्याचे प्रकार पाडले त्यात सपाट आणि खोलगटही आहेत. एका जातीत तर गाठ नाही, व्रण नाही, फक्त जठर हवा भरली तरी नीट फुगत नाही.

वेंगुर्ल्याहून: सुकी मासळी बंद करू का?

पावसात तोंडी लावण्यापुरती चालेल. रोज खारवलेलं खाणं मात्र जठराला वाईट, आणि सिगारेटही. वजन उतरत असेल, शी काळी-चिकट होत असेल, घास अडकत असेल तर पथ्याच्या नादी न लागता आधी दुर्बीण करून घ्या.