ठोके ‘आले’ म्हणजे नेमकं काय आलं?

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका ताई तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी गर्भपाताच्या कायद्यांवर लेख लिहीत आहेत. ‘फीटल हार्टबीट’साठी त्यांनी ‘गर्भाच्या हृदयाचे ठोके’ असं लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या एका डॉक्टरांनी त्यावर काट मारून समासात लिहिलं, “सहाव्या आठवड्यात हृदयच पुरतं झालेलं नसतं, ठोके कसले?” दुसऱ्या एका वाचकाचं म्हणणं, ही काट मारणं हेच राजकारण आहे. ताईंनी विचारलंय, मग मराठीत लिहू तरी काय?

आधी ‘ठोका’ बघू. तो ‘ठोकणे’मधून आला. तांबट भांड्यावर घालतो तो ठोका, घड्याळात बाराचा पडतो तो ठोका. काहीतरी कशावर तरी आदळतं आणि आवाज होतो, हे या शब्दात मुळापासून आहे. भीतीनं काळजाचा ठोका चुकतो म्हणतो तेव्हाही आतला तो आघात आपल्याला जाणवलेला असतो. ‘धडधड’ तर आवाजावरूनच घडलेला शब्द. ‘स्पंदन’ वेगळ्या घरचं आहे. संस्कृतात ‘स्पन्द्’ म्हणजे किंचित हलणं, थरथरणं. पापणीचं होतं, पाण्याचं होतं. त्याला आवाज लागत नाही आणि चार कप्प्यांचं हृदयही लागत नाही.

आता सहाव्या आठवड्यात, म्हणजे शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्यात, शरीरात काय चालू असतं? गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदयाच्या जागी असलेली एक नळी आकुंचन पावू लागते. कप्पे, झडपा पुढे घडायच्या असतात. सहा आठवडे भरतात तेव्हा भ्रूण जेमतेम पाच मिलिमीटरच्या आसपास, मसुरीच्या दाण्याएवढा असतो. आतून केलेल्या सोनोग्राफीत ही हालचाल साधारण सहाव्या आठवड्यात दिसते. गती मिनिटाला शंभराच्या थोडी वर असते आणि नवव्या आठवड्यापर्यंत १७०च्या आसपास जाते. खोलीत जो आवाज ऐकवला जातो तो यंत्र हालचालीवरून तयार करतं. पोटाला साधी नळी लावून दाईला किंवा डॉक्टरला खरे ठोके ऐकू यायला अठरा-वीस आठवडे जावे लागतात.

हे मी पुस्तकातून शिकले, पण त्याच्या आधी एकदा पाहिलं होतं. माझ्या पहिल्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या, “सॅक दिसतेय, ठोके अजून आले नाहीत. दहा दिवसांनी या.” ते दहा दिवस कसे गेले हे ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. परत गेलो तेव्हा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि एका करड्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तिथे काहीतरी लुकलुकत होतं, लांबच्या गावातला दिवा लुकलुकावा तसं. “हे बघा, ठोके दिसतायत.” आवाज काहीच नव्हता. हातात आलेल्या रिपोर्टमध्ये मात्र ‘ठोके’ किंवा ‘हार्टबीट’ कुठेच नव्हतं, तिथे होतं ‘कार्डिॲक ॲक्टिव्हिटी प्रेझेंट’, म्हणजे हृदयाची क्रिया चालू आहे.

एकाच बाईंनी पाच मिनिटांत एकाच गोष्टीला दोन नावं दिली, आणि मला दोन्ही खरी वाटतात. तोंडचा शब्द माझ्यासाठी होता, कागदावरचा पुढच्या डॉक्टरसाठी. आपण ‘ठोके दिसले’ म्हणतो, ‘ठोके आले’ म्हणतो, म्हणजे बोलीने या शब्दातला आवाज कधीच बाजूला ठेवलाय. पण ‘आले’ या क्रियापदानं दुसरं काहीतरी आणलं. काल नव्हते, आज आले. जी गोष्ट हळूहळू, दिवसागणिक घडत जाते तिला आपण एक उंबरठा दिला. आई म्हणून मला तो उंबरठा हवा होता. अमेरिकेतल्या कायद्यांनी नेमका तोच उंबरठा उचलला: ठोके आढळले की त्यापुढे गर्भपाताला बंदी.

ओहायोत २०११ मध्ये गर्भपातविरोधी कार्यकर्त्या जॅनेट पोर्टर यांच्या पुढाकाराने असं पहिलं विधेयक आलं, तेव्हा दोन गरोदर स्त्रियांची सोनोग्राफी विधिमंडळाच्या समितीसमोरच करून दाखवली गेली. दवाखान्यातली खोली उचलून सभागृहात आणली म्हणा ना. २०१३ मध्ये नॉर्थ डकोटाने असा कायदा केला, तो न्यायालयात अडला. ओहायो आणि जॉर्जियाचे कायदे २०१९चे. टेक्सासचा १ सप्टेंबर २०२१ला लागू झाला आणि त्याच्या नावातच ‘हार्टबीट’ आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताला घटनेचं संरक्षण देणारा १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल मोडीत काढल्यावर या कायद्यांची वाट मोकळी झाली. त्याच सप्टेंबरात जॉर्जियात राज्यपालपदाची निवडणूक लढवणाऱ्या स्टेसी एब्रम्स म्हणाल्या, सहाव्या आठवड्यात हार्टबीट नावाचं काही नसतं, तो बनवलेला आवाज आहे. त्यावर गदारोळ झाला. आवाज यंत्राचा असतो हे बरोबर आहे, पण हालचाल बनवलेली नसते. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून त्यांचं अर्धं वाक्य मला पटत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना सांगते की कप्पे तयार होऊन सोनोग्राफीत दिसेपर्यंत, म्हणजे साधारण १७ ते २० आठवड्यांपर्यंत, ‘हार्टबीट’ म्हणणं अचूक नाही. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २०१९ मध्येच आपल्या बातम्यांत ‘हार्टबीट बिल’ऐवजी ‘सहा आठवड्यांची गर्भपातबंदी’ लिहायचं ठरवलं.

शब्दांच्या माणसाला खरं गुंतवतं ते साउथ कॅरोलायनाचं प्रकरण. तिथल्या कायद्यातल्या व्याख्येचा साधारण अर्थ असा: हृदयाची क्रिया, किंवा गर्भाच्या हृदयाचं स्थिर, पुन्हा पुन्हा होणारं लयबद्ध आकुंचन. आता हे ‘किंवा’ काय करतं? ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतं, की पहिलीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत समजावतं? कायद्याला आव्हान देणाऱ्यांचं म्हणणं, व्याख्येत हृदय म्हटलंय, म्हणजे हृदय झालेलं हवं, आणि ते नवव्या आठवड्याच्या सुमारास होतं. मे २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सहा आठवडे हाच अर्थ धरला. एका उभयान्वयी अव्ययावर तीन आठवडे लटकलेले होते. आणि हे तीन आठवडे काय असतात? ‘सहा आठवड्यांची गरोदर’ म्हणताना मोजणी शेवटच्या पाळीपासून होते. पाळी नियमित असली तरी ती चुकून तेव्हा फक्त दोन आठवडे झालेले असतात. कितीतरी जणींना दिवस गेल्याचं तोवर कळलेलंही नसतं. म्हणून ताई, शब्द कुठलाही निवडा, पण ‘पाळी चुकल्यावर सुमारे दोन आठवडे’ एवढं लेखात एकदा तरी लिहाच. नुसतं ‘सहा आठवडे’ मराठी वाचकाला दीड महिन्याची सवड वाटते.

डॉक्टरांच्या शेऱ्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी शरीरशास्त्र सुधारलं की वाद मिटेल असं मला वाटत नाही. बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये गॉलवेला होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपात मागितला, तो नाकारला गेला, कारण गर्भाचे ठोके चालू होते. जंतुसंसर्गाने ती गेली, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. तिथे ‘ठोके’ हा शब्द चुकीचा मुळीच नव्हता. त्याला निर्णयाची किल्ली करून टाकलं होतं. तिच्या मृत्यूने तो देश हलला आणि २०१८च्या जनमतानंतर तिथला कायदा बदलला. भारतातला १९७१चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आणि त्यातली २०२१ची दुरुस्ती आठवडे मोजते, २० आणि २४. ठोक्यांवर तिने काही टांगलेलं नाही.

हृदय कधी ‘आलं’ म्हणायचं, हा प्रश्न आपल्या भाषेत जुना आहे. सुश्रुतसंहिता म्हणते की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, आणि त्या द्विहृदया स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात. एका व्युत्पत्तीप्रमाणे आपले ‘डोहाळे’ याच दोन हृदयांतून आले. व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत, पण मला ती फार आवडते, कारण तिथे गर्भाचं हृदय आलं की आईची इच्छा पुरवायची असते.

‘गर्भा’बद्दलही थोडं. शास्त्रीय मराठीत गर्भधारणेनंतर आठ आठवड्यांपर्यंत ‘भ्रूण’ आणि पुढे ‘गर्भ’ असा भेद करतात. बोलण्यात तो पाळला जात नाही. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण ज्या कृत्यासाठी वापरतो ते लिंग कळल्यावरचं, म्हणजे भ्रूणावस्था संपल्यानंतरचं असतं. तेव्हा फक्त ‘भ्रूण’ लिहिल्याने वाचकाला आठवडा कळेल अशी आशा ठेवू नका.

माझा सल्ला असा. कायद्याचं नाव हे नाव आहे, ते ‘टेक्सास हार्टबीट ॲक्ट’ असंच ठेवा, भाषांतर करू नका. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘भ्रूणातील हृदयस्पंदन’ लिहा. ‘हृदयक्रिया’ चालेल, पण तो रिपोर्टमधला शब्द वाटतो आणि त्यातून काय दिसतं ते कळत नाही. स्पंदनात हालचाल आहे, आवाजाचा दावा नाही. कुणी म्हणेल की कविता-गाण्यांनी हा शब्द फार हळवा केलाय. खरंय, पण ‘ठोक्या’इतका नाही. राजकारण्यांची विधानं त्यांच्याच शब्दांत द्या, मग ते ‘ठोके’ म्हणोत की ‘बनवलेला आवाज’.

आणि लेखासाठी ज्या बायकांशी बोलला असाल त्यांच्यापैकी कुणी म्हणाली असेल, “माझ्या बाळाचे ठोके आले नाहीत,” तर तिथे काट मारू नका. ते वाक्य जसंच्या तसं छापा.